भोकाचा पैसा

आबाजीच्या पान्यांना वर्षातून एकदा कुंकू लागायचं, आणि त्यावरून तो दर वर्षी आईशी भांडायचा. खंडेनवमीला चौकच्या गॅरेजातली लोखंडी पेटी उचलून पोशीरला घरी न्यायची, आईनं एकेक पाना पाटावर मांडायचा आणि त्याची पूजा करायची, हा त्या घरचा नेम. बरं, वरून एक बोट टेकवून मोकळं व्हावं, तर तसं नाही. बायजाबाईचं बोट थेट पान्याच्या तोंडात. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबाजी पेट्रोलमध्ये चिंधी बुडवून तासभर एकेका बॉक्स पान्याचं तोंड कोरत बसायचा.

"आये, वरून लाव की गं! आत कशाला कोंबतेस?"

"पाना काम तोंडानं करतो का पाठीनं?" म्हातारी विचारायची. "मंग कुंकू पण तोंडालाच."

 वीस वर्षं आबाजी या वादात हरत आला होता.

माणूस मात्र हुशार. चौक नाक्यावर वडाखाली पत्र्याची शेड, पण खोपोलीचा घाट चढणारे ट्रकवाले आधी आबाजीला इंजिन ऐकवून जायचे. तो बॉनेटसुद्धा उघडायचा नाही. बिडी विझवायची, मान तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तिसऱ्या नंबरचा प्लग बघ रं." तिसऱ्याच नंबरचा असायचा. इंजिन बोलतं, आपण फक्त गप्प बसून ऐकायचं, असं तो म्हणायचा आणि त्याला त्याचा गर्वही होता. का नसावा?

धाकलू त्याचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, तेव्हा धाकलूला खांद्यावरून शाळेत पोचवला तो आबाजीनं, आणि पुढं मांडीवर बसवून स्टिअरिंग हातात दिलं तेही आबाजीनंच. आता धाकलू मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात मोठ्या साहेबाचा ड्रायव्हर होता. दोन वर्षं झाली, पण टेंपररी. साहेब भला होता. त्यानं शब्द दिला होता, दिवाळी झाली की कायम करतो आणि कॉलनीत खोली देतो. खोली दाखवूनसुद्धा ठेवली होती. धाकलूची बायको इंदू बघून आली. तिनं तिथला नळ उघडला, बंद केला, परत उघडला. घरी येऊन सासूला दहादा सांगितलं, की ओट्याशी उभ्या उभ्या पाणी येतं, आये. तेव्हापासून तिची दोन बोचकी पोशीरच्या घरात दाराशी बांधून ठेवलेली होती, आणि येणारा जाणारा त्यांना अडखळत होता.

साहेबाची गाडी म्हणजे तालुक्यात पहिलीच तसली. परदेशात चार वर्षं राहून परत येताना त्यानं बोटीतून आणलेली. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. आपल्याकडं तेव्हा फियाट आणि अँबॅसिडर यांच्यापलीकडं गाडी नव्हती. आणि ही बया अशी, की तिला कार्बोरेटरच नाही. धाकलू सांगायचा, "दादा, पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कवा टाकायची, सगळं आत बसलेला कॉम्प्युटर ठरवतो."

"आत बसलेला?" आबाजी म्हणायचा. "मंग तू कशाला बसतोस?"

त्या वर्षी साहेब सोमवारी दिल्लीला गेला तो शुक्रवारी परतणार होता. गाडी धुऊन-पुसून ठेव, एवढंच सांगून गेला. बुधवारी खंडेनवमी. धाकलू सकाळी गाडी धुवायला चौकला गॅरेजवर आला, तेव्हा आबाजी पेटी पायाशी ठेवून एसटीची वाट बघत उभा होता. गाडी बघितली आणि त्याच्या तोंडून निघालं, "चल की रं पोशीरला. आईला दाखवू."

"नको दादा."

"अरं, माझी पेटी जाते घरी. तुझं पोट हिच्यावर, मंग हिला का कुंकू नको? आणि साहेब काय दिल्लीवरून बघतोय?"

"नको रं दादा. कुणी सांगितलं साहेबाला तर?"

दोनदा नको म्हणाला होता धाकलू. ते आबाजीला पुढं आयुष्यभर विसरता आलं नाही. त्यानं स्वतः डिकी उघडून पेटी आत ठेवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. आता मोठा भाऊ बसलाच म्हटल्यावर धाकटा काय करणार?

पोशीरला सगळी आळी गोळा झाली. बायजाबाईनं गाडीची दृष्ट काढली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकापुढं नारळ फोडला. मग पदर खोचून म्हणाली, "मला बसव." तिला पुढं बसवली. म्हातारी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसली, आणि धाकलूनं तिला शिवेपर्यंत नेऊन आणली. येताना तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. साठ वर्षं भाताच्या चिखलात गेलेली बाई, पण त्या दिवशी तिनं आळीतल्या बायांना काचेतून नुसता हात दाखवला. परत आल्यावर धाकलू डिकीवर चढलेली पोरं हुसकायला उतरला, आबाजी घरात पेटी आवरायला गेला, आणि मिनिटभर म्हातारी गाडीत एकटीच बसून राहिली. त्यात कुणी ध्यान द्यावं असं काय होतं?

परतताना दोघा भावांनी वाटेत ओढ्यावर गाडी थांबवून चकचकीत धुतली. हार पाण्यात सोडला, कुंकवाचा कणसुद्धा ठेवला नाही. आबाजी म्हणाला, "बघ, साहेबाच्या बापाला पण कळायचं नाय." कर्जत मागं पडलं. चौक मैलभर राहिलं असेल, तिथं एका मोरीवर गाडीला हिसका बसला आणि इंजिन गप्प झालं. खोकलं नाही, अडखळलं नाही. दिवा फुंकावा तसं विझलं.

ढकलत ढकलत गॅरेजात आणली. आबाजीनं बॉनेट उघडलं, बिडी विझवली, मान तिरकी केली. धाकलूनं चावी फिरवली. स्टार्टर घुर्र घुर्र फिरला आणि पुढं काही नाही. आत ठिणगी नाही, पेट्रोल नाही. ऐकायचं काय? जन्मात पहिल्यांदा इंजिन त्याच्याशी बोलेना.

त्यानं हार मानली नाही. फ्यूजच्या डबीत बघितलं तर एक फ्यूज जळालेला. त्याच मापाचा दुसरा घातला, चावी फिरवली, फट्. तिसरा घातला, फट्. आता हे कुठल्याही मेकॅनिकचं पोरगं सांगेल, की फ्यूज सारखा उडतो म्हणजे कुठंतरी उघडी तार गाडीच्या अंगाला लागलीय. आबाजीला ते पहिल्याच फट्ला कळलं होतं. ट्रक असता तर त्यानं सगळा डॅशबोर्ड उतरवून तासाभरात ती तार काढून दाखवली असती. अख्खा दसरा त्यानं त्या गाडीखाली पाठ घासली, दिसतील तेवढ्या तारा बोटांनी चाचपल्या. पण पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी एक पत्रा होता, त्याच्या स्क्रूवर कंपनीचं कागदी सील, आणि त्या पत्र्याआड तो कॉम्प्युटर.

"दादा, तिथं हात नको," धाकलू रडकुंडीला येऊन म्हणाला. "सील तुटलं तर साहेब उभा कापेल."

आणि खरं सांगायचं तर आबाजीलाही तिथं हात लावायची हिंमत नव्हती. घाटात उलटलेल्या ट्रकखाली सरपटत जाणारा माणूस हा, पण कॉम्प्युटर म्हटलं की त्याचा हात मागं यायचा. चुकून काही जळलं तर? दोनदा त्यानं स्क्रूड्रायव्हर त्या स्क्रूपर्यंत नेला आणि दोनदा खिशात घातला.

शुक्रवारी साहेब आला, कारखान्याच्या जीपनं. धाकलूनं पाठ केलेलं सांगितलं, की गाडी धुवायला दादाच्या गॅरेजात आणली, धुतली, आणि मग चालूच होईना.

"इथंच होती?" साहेबानं विचारलं.

"इथंच, साहेब."

"दुसरीकडं कुठं नेली नाहीस ना?"

"नाय साहेब."

आबाजी बाजूला हात पुसत उभा होता. त्याच्याकडं साहेबानं बघितलंसुद्धा नाही, तरी त्याचे कान तापले.

शनिवारी सकाळी मुंबईहून इंजिनिअर आला. पोरगेलासा, चष्मेवाला, बोलायला गोड. त्याच्या पेटीत जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं, त्याला एक छोटी काच आणि पुढं पुष्कळ पायांची पिन असलेली वायर. त्याला तो स्कॅनर म्हणत होता. आबाजीनं न राहवून विचारलं, हे काय करतं?

"मामा, हे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतं," इंजिनिअर म्हणाला. "कॉम्प्युटरला सगळं माहीत असतं, कुठं दुखतं, काय बिघडलं. हा त्याला विचारतो आणि इथं काचेवर उत्तर येतं."

आबाजीला एकदम बरं वाटलं. म्हणजे तोही ऐकणाराच की! फक्त कान पेटीत घालून आणतो.

इंजिनिअरनं स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये पिन बसवली. काचेवर उजेड नाही. त्यानं स्कॅनरला वेगळी बॅटरी जोडली, तेव्हा उजेड आला, पण अक्षरं उमटली ती अशी, की समोरून उत्तर नाही. त्यानं पिन काढून स्पिरिटनं पुसली. परत तेच. वायर बदलली. परत तेच. फ्यूज बदलला, फट्. अर्थिंगची तार खरवडून घट्ट केली, सॉकेटचा एकेक दात टेस्टरनं तपासला. साहेब चहाच्या टपरीतल्या बाकड्यावर बसून घड्याळ बघत होता. दोन तास झाले. ट्रंककॉल लावून माणूस हॅलो हॅलो करत राहतो आणि पलीकडं कुणी फोन उचलत नाही, तसं चाललं होतं.

शेवटी इंजिनिअर घाम पुसत उठला आणि दोघा भावांकडं आला. "हा बोलत नाहीये. आता तुम्हीच बोला. गाडीत काही पडलं होतं का? कुणी काही आत घातलं? धक्का बसला? खरं सांगा, त्यावरून मला दिशा मिळेल."

मोरीवरचा हिसका आबाजीच्या अगदी जिभेवर आला. पण मोरी म्हटली की कुठली मोरी, आणि तिथं गाडी कशाला गेली होती? त्यानं धाकलूकडं बघितलं. धाकलू स्वतःच्या चपलेकडं बघत होता.

"नाय," आबाजी म्हणाला. "उभ्या जागी बंद पडली."

वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, की डॉक्टर आणि मेकॅनिक यांच्याशी खोटं बोलू नका. आता तोच खोटं बोलला, आणि तेही इंजिनाबद्दल. त्याला स्वतःची शिसारी आली.

इंजिनिअर साहेबाकडं गेला. कॉम्प्युटर आतून जळालाय असं वाटतं, म्हणाला. परदेशातून मागवावा लागेल, तीन-चार महिने धरा. सील फक्त वर्कशॉपात उघडायचं असा नियम आहे, तेव्हा गाडी टोचन करून मुंबईला न्यावी लागेल. त्यानं गाडी बंद केली, चारी दारांच्या फटींवर सहीचे कागद चिकटवले आणि चावी खिशात टाकली. ट्रक बारापर्यंत येणार होता.

साहेबानं सुस्कारा टाकला. मग धाकलूकडं वळून म्हणाला, "जाऊ दे. यंत्र आहे, बिघडायचंच. यात तुझा काय दोष? तोपर्यंत जीप चालव. दिवाळीनंतरचं आपलं ठरलंय ते ठरलंय."

धाकलूचा चेहरा असा उजळला, की आबाजीला आपल्या शिसारीचा विसर पडला. सुटलो! त्याला वाटलं. एक खोटं बोललो, पण पोराची नोकरी राहिली, इंदूची खोली राहिली. देवानं घातलं पोटात.

आणि तेवढ्यात कर्जतकडून आलेली एसटी नाक्यावर थांबली.

बायजाबाई उतरली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात दसऱ्याच्या पुरणपोळ्या, कमरेला आपट्याच्या पानांची पिशवी. गाडी बंद पडल्याचं तिला गावातल्या दूधवाल्यानं सांगितलं होतं. पोरं उपाशी असतील, म्हणून निघाली. टपरीत सुटाबुटातला माणूस दिसला, तेव्हा हाच साहेब हे तिनं ओळखलं. सरळ त्याच्यापुढं गेली, आपट्याचं पान हातात दिलं आणि म्हणाली, "सोनं घ्या साहेब. सोन्यासारखं ऱ्हावा. माझा धाकलू तुमच्या पदरात हाय."

साहेब उठून उभा राहिला. त्यानं वाकून नमस्कार केला आणि पान कोटाच्या खिशात ठेवलं.

आबाजीनं आईला हाताला धरून शेडमागं नेलं. तिथं धाकलूही आला. म्हातारीनं दोघांची तोंडं बघितली आणि हसली.

"काय रं, मयताला आल्यासारखी उभी? गाडीला काय व्हायचं नाय. मी आत पैसा ठेवलाय."

"कसला पैसा?"

"भोकाचा. याच्या करदोट्यातला."

आबाजीला तो पैसा ठाऊक होता. इंग्रजांच्या वेळचा, तांब्याचा, मधोमध मोठं भोक असलेला. धाकलू जन्मला तेव्हा आधीची तीन पोरं गेली होती. म्हणून म्हातारीनं हा पैसा काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या कमरेला बांधला होता. पोर जगलं, आणि तेव्हापासून त्या पैशावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. इतकी वर्षं तो कुंकवाच्या करंड्यात तळाशी असायचा.

"कुठं ठेवलास, आये?" आबाजीनं विचारलं.

"माझ्या पायाशी पत्रा व्हता बघ. त्याला वरून फट व्हती. वर बांधला असता तर साहेबाला दिसला असता. मोठी माणसं, त्यांना आपलं असलं आवडत नाय. म्हणून कुंकू लावून आत सरकवला." आणि मग आबाजीकडं बघून म्हणाली, "तूच म्हणतोस ना, काम आतून व्हतं म्हणून?"

असं आबाजी कधीच म्हणाला नव्हता. पण त्या क्षणी त्याला सगळं ऐकू आलं. मोरीवरचा हिसका, पत्र्याआड घसरलेला तांब्याचा पैसा, एका अंगाला जाड तारेचं उघडं तोंड, दुसऱ्या अंगाला गाडीचा पत्रा. फट्, फट्, फट्. बिचारा कॉम्प्युटर जळालाही नव्हता. त्याच्या तोंडात पैसा कोंबला होता, तो बोलणार कसा?

"दादा," धाकलू त्याचा दंड धरून कुजबुजला, "गप बस. ट्रक येईल, गाडी जाईल. झालं."

"अरं, मुंबईला पत्रा खोलतील की! कुंकू लावलेला पैसा निघेल, काळा दोरा निघेल. मंग साहेब काय म्हणेल? आज तरी आपल्या तोंडानं सांगू."

"चार महिन्यांनी निघेल. तवर मी कायम झालेला असेन. दादा, तुझ्या पाया पडतो."

आबाजीनं गाडीकडं बघितलं. दारांवर सहीचे कागद, फाडले की लगेच कळणार. दहा मिनिटांचं काम, चार स्क्रू आणि एक चिमटा, आणि त्याला हात लावता येत नव्हता. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. म्हातारी आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. तिला काहीच कळत नव्हतं, आणि कळू नये असं आबाजीला मनापासून वाटत होतं.

ट्रकचा हॉर्न वाजला. कुठल्या शहाणपणानं कोण जाणे, पण आबाजीचे पाय टपरीकडं वळले. वाटेत त्यानं मनाशी ठरवलं, की सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. आपल्याला कोण काढणार? आपण आपलेच मालक.

"साहेब," तो म्हणाला, "गाडीत पत्र्याआड पैसा हाय. मी ठेवला. खंडेनवमी व्हती, हितं गॅरेजात पूजा केली, आणि मी आत सरकवला. धाकलूला ठावं नाय. तो चहा प्यायला गेला व्हता."

साहेबानं घड्याळ बघायचं सोडून त्याच्याकडं बघितलं. इंजिनिअर मात्र टाळी वाजवत उठला. "अहो, मग शॉर्ट तिथंच असणार! मामा, आधी का नाही सांगितलंत?"

आबाजी मान खाली घालून उभा होता. सगळं नीट जमलं होतं. साहेब रागावला असता, पण आबाजीवर. दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि मोकळं झालं असतं.

पण म्हातारी मागोमाग आली होती. थोरल्या लेकानं साहेबापुढं मान खाली घातलेली तिनं बघितली, आणि ते तिला सहन झालं नाही. चोराला धरल्यासारखा तिचा लेक उभा, आणि कशासाठी, तर तिच्या पैशासाठी?

"याचा कुठला पैसा?" ती पुढं येऊन म्हणाली. "माझा हाय तो, साहेब. मी ठेवला, माझ्या हातानं. नवमीला गाडी पोशीरला आणली व्हती ना पोरांनी पूजेला, मला शिवेपर्यंत फिरवली, तवा. तुमच्या गाडीला आणि माझ्या पोराला कुणाची नजर नको लागायला, म्हणून."

तिनं हे इतक्या अभिमानानं सांगितलं, की टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली. आबाजीनं डोळे मिटले. धाकलू शेडच्या खांबाला टेकला तो तिथंच राहिला. आता कोण कुणाला काय सांगणार?

पुढचं सगळं भराभर झालं. इंजिनिअरनं साहेबाला विचारून सील फाडलं, चार स्क्रू काढले, चिमट्यानं पैसा ओढला. काळ्या दोऱ्यासकट आला. नवा फ्यूज घातला, तो उडाला नाही. स्कॅनरची पिन लावली आणि काचेवर ओळीनं हिरवी अक्षरं उमटायला लागली. "बोलला!" इंजिनिअर ओरडला. "ठणठणीत आहे!" त्यानं चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आबाजीनं इतका सुरेल आवाज त्याआधी ऐकला नव्हता. एरवी तो तासभर ऐकत बसला असता.

साहेब धाकलूपुढं येऊन उभा राहिला.

"गाडी घरी नेलीस याचं मला काही नाही. आईसाठी नेलीस. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. पण मी काल दोनदा विचारलं. आज यांनी विचारलं. दर वेळी खोटं." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "ज्याच्या हातात मी बायकापोरं देतो, त्याचं बोलणं मला खरं वाटलं पाहिजे. गाडीच्या दुसऱ्या किल्ल्या तुझ्याकडं आहेत, त्या दे."

धाकलूनं किल्ल्या दिल्या. आबाजी मध्ये पडला, हात जोडले, साहेब मीच म्हटलं न्यायला, तो नको म्हणत व्हता, माझी चूक. साहेबानं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. मग म्हातारीला परत नमस्कार केला आणि स्वतः स्टिअरिंगवर जाऊन बसला. गाडी वळली तेव्हा त्याच्या खिशातून आपट्याचं पान डोकावत होतं.

इंजिनिअरनं पैसा आबाजीच्या तळहातावर ठेवला. कडेला एके ठिकाणी तांबं वितळून काळं पडलं होतं.

म्हातारी एसटीची वाट बघत वडाच्या पारावर बसली होती. पुरणपोळ्यांचं टोपलं तसंच शेजारी. आबाजीनं तिला पैसा दिला आणि म्हणाला, "गाडी चालू झाली, आये."

तिनं पैसा उलटापालटा करून बघितला. काळ्या डागावर अंगठा घासला. पदरानं घासला, मग थुंकी लावून घासला. डाग गेला नाही.

"नोकरी गेली ना रं?"

"दुसरी बघू."

"मी बोलायला नको व्हतं का?"

आबाजीच्या तोंडात पुष्कळ आलं. तू नाय गं, मी नेली गाडी, मी खोटं बोललो, मी त्या पत्र्याला घाबरलो. पण त्यानं फक्त पोळ्यांचं टोपलं उचलून हातात घेतलं. म्हातारीनं त्याचा अर्थ 'हो' असा लावला. तेवढ्यात एसटी आली आणि ती चढली.

धाकलू पुढं आबाजीच्याच गॅरेजात राहिला. हाताला काम होतं, उपाशी कुणी राहिलं नाही. इंदूनं दाराशी ठेवलेली बोचकी एके दिवशी कुणाला न सांगता सोडली आणि लुगडी परत फळीवर लावली.

वर्ष फिरलं, खंडेनवमी आली. आबाजी पेटी घेऊन पोशीरला गेला, नेहमीसारखे पाने पाटावर मांडले आणि आईला हाक मारली. बायजाबाई पडवीत नाचणी पाखडत होती. उठली नाही.

"तूच लाव काय ते," म्हणाली. "माझा हात नको."

"आये, असं काय करतेस?"

"वरून लाव. आत नको जाऊ द्यायला."

आबाजीनं पुष्कळ आर्जवं केली, शेवटी चिडलाही. म्हातारी सूप हलवत राहिली. मग त्यानंच करंडा घेतला, एकेका पान्याच्या पाठीला बोट टेकवलं आणि पेटी बंद केली. करंडा ठेवताना तळाशी बघितलं. पैसा तिथं नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चौकला सवयीनं त्यानं डबीत पेट्रोल ओतलं, चिंधी बुडवली आणि पहिला बॉक्स पाना उचलला. तोंड स्वच्छ होतं. दुसरा उचलला, तोही स्वच्छ. सगळे बघितले. समोर ट्रकवाला हॉर्न देत होता, धाकलू हाका मारत होता, "दादा, इंजिन ऐक की जरा." आबाजी ओली चिंधी हातात धरून तसाच बसून राहिला.